अहो, पुरे!

४ फेब्रुवारी

ती. दादास,
शिवणखोलीतून, मशीनवर बसल्या बसल्या नमस्कार.

फोनच केला असता, पण फोनवर तू ऐकतोस कुठे? तू नुसती तुझी पाळी कधी येते त्याची वाट बघत असतोस. म्हणून लिहिते आहे.

काम असं आहे. आमच्या हॉस्पिटलात वरून परिपत्रक आलंय. दर्शनी भिंतीवर एक फलक लावायचा, ‘अंगाला हात न लावता होणारी हिंसा’. कशाकशाला हिंसा म्हणायचं त्याची यादी आमच्या समितीनं करायची. समितीत मेट्रनबाई, एक्स-रेवाला, स्वयंपाकघरातल्या मावशी आणि मी. माझं अक्षर बरं, म्हणून मला चिटणीस केलंय. मी म्हटलं, अहो, मी चादरी आणि उशांचे अभ्रे शिवते, मला यातलं काय कळतं? मेट्रनबाई म्हणाल्या, "तुम्ही फक्त लिहा, हिंसा आम्ही सांगतो."

पहिल्या बैठकीत दीड तास गेला आणि कागदावर एकच ओळ आली, ‘अर्वाच्य बोलणे’. एक्स-रेवाल्यानं विचारलं, अर्वाच्य म्हणजे नक्की कुठून सुरू होतं? मावशींनी उदाहरणादाखल तीन शब्द सांगितले. मेट्रनबाईंनी बैठक तिथेच गुंडाळली.

तू जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्यास. बंद डब्यात अडकलेली माणसं एकमेकांशी कशी वागतात ते तुझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. तेव्हा चार-पाच प्रकार सुचव, आणि जास्त शहाणपणा न करता सुचव.

वहिनींना नमस्कार. त्या हल्ली फोनवर फार घाईत असतात आणि मागे सारखा नळ वाहत असतो. सगळं ठीक आहे ना?

तुझी,
सुई


९ फेब्रुवारी

चि. सुईस,
तपासणी फॉर्म क्रमांक सातच्या पाठीवरून अनेक आशीर्वाद. (उलटून बघू नकोस. ‘दोर तपासला काय? होय/नाही’ याखाली माझी सही आहे आणि ती इमारत पाडूनच सहा वर्षं झाली. निवृत्त होताना असे दोन गठ्ठे उचलून आणले होते, ते आता तुझ्यावर संपवतोय.)

शहाणपणा न करता? मग मला कशाला विचारलंस?

बरं, घे लिहून. लिफ्टमधून उतरताना सगळ्या मजल्यांची बटणं दाबून जाणं, ही हिंसा. आत राहिलेला बिचारा अकरा ठिकाणी दार उघडतंय आणि मिटतंय ते बघत बसतो. मग कचेरीत "बसा" म्हणायचं आणि विसरून जायचं. मला एकदा असं सव्वाएक ते चार बसवलं होतं. त्यापेक्षा एक थोबाडीत मारली असती तर निदान उठून तरी जाता आलं असतं. समोरचे हेडमास्तर मला रोज जिन्यात गाठतात आणि चेहरा पाडून विचारतात, "काय, बरं आहे ना आता?" त्या ‘आता’नं माझे दोन महिने कमी होतात गं! मग आमची कन्या. बापानं पंधरा ओळी पाठवायच्या आणि तिकडून उत्तर काय, तर ‘हं’. हिच्यासाठी फलकावर वेगळी चौकट ठेव. आणि सगळ्यात भयंकर, मी विनोद सांगत असताना शेवट दुसऱ्यानंच सांगून टाकणं. याला जन्मठेप.

आता खरी बातमी. तुझी वहिनी एकतीस मार्चला छापखान्यातून निवृत्त होते आहे. तेहतीस वर्षं लोकांच्या चुका वाचल्या, आता माझ्या एकट्याच्या वाचणार. निरोपाचा कार्यक्रम छापखान्याच्या हॉलमध्ये आहे. तोच हॉल, सुई! ते ऐतिहासिक आभारप्रदर्शन झालं तोच!

तुला गोष्ट पाठ आहे, पण मला राहवत नाही. छापखान्यात नवीन यंत्र आलेलं, दीडशे माणसं जमलेली, हिच्या नोकरीचं दुसरंच वर्ष, आणि आभार मानायला हिला उभं केलं. म्हणायचं होतं "सर्वांचे आभार". घाबरून म्हणाली, "सर्वांनी उभे राहावे." झालं! हॉल उभा राहिला. ही गप्प. आपण का उभे आहोत ते कुणालाच ठाऊक नाही. एकानं मान खाली घातली, मग सगळ्यांनी घातली. मालकांनी टोपी काढली. नव्याकोऱ्या यंत्राला दोन मिनिटं श्रद्धांजली! आणि बाईसाहेब मागच्या दारानं थेट घरी. मी मालकांची टोपी काढून दाखवतो, डोळे पुसतो, मग जरा थांबतो, आतून हिचा आवाज येतो, "अहो, पुरे!" की सगळे एका सुरात, "अहो, पुरे!" एकतीस वर्षांत हा प्रयोग एकदाही पडलेला नाही.

तर आता गुपित ऐक. छापखान्याच्या फोरमनशी मी संधान बांधलंय. ही त्या दिवशी माइकपाशी गेली की अख्खा हॉल उभा राहणार आणि मान खाली घालणार! पूर्ण दोन मिनिटं! मग मी गोष्ट सांगणार. तू पहिल्या रांगेत हवीस, कारण "पुरे" उचलायला तुझ्याइतका खणखणीत आवाज कुणाचा नाही. वहिनीपाशी अवाक्षर काढू नकोस.

दादा

ता.क. नळाचं म्हणशील, तर ही हल्ली न्हाणीघरात अर्धा अर्धा तास असते. स्वच्छतेचं वेड लागलंय, दुसरं काय.


१५ फेब्रुवारी

प्रिय सुई,

यांनी तुला पत्र लिहिलं असं कळलं. लिहिताना स्वतःशीच हसत होते, म्हणजे काहीतरी शिजतंय. मी विचारलं नाही.

मी तुला एक सांगणार आहे, पण ते तुझ्यापाशीच ठेव. निरोपाच्या दिवशी मला बोलायचं आहे. फक्त चार वाक्यं. घरात हे असतात, म्हणून न्हाणीघरात नळ सोडून पाठ करते. बादली भरून वाहते तेव्हा जीव हळहळतो, मग त्याच पाण्यानं फरशी पुसते. घर इतकं स्वच्छ कधी नव्हतं. यांना सांगू नकोस. सांगितलंस तर ते मला मदत करायला येतील.

तुला कदाचित ठाऊक नसेल, मालकांनी दोनदा मला तपासणी विभागाची प्रमुख करायचं म्हटलं होतं. प्रमुखाला दर सोमवारी सगळ्यांसमोर उभं राहून कामं वाटून द्यावी लागतात. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. उभी राहिले की मला यंत्राची श्रद्धांजली दिसायची आणि सगळे हसायला लागलेत असं वाटायचं. खरं तर हॉलमध्ये त्या दिवशी कुणी हसलंच नव्हतं. ते आपल्या घरात सुरू झालं. यांना वाटतं मला पुढे जायची हौसच नाही.

तसे हे वाईट नाहीत, तूही जाणतेस. माझं आजारपण यांनी एकट्यानं काढलं. पण मी "पुरे" म्हणते तेव्हा मला पुरेच म्हणायचं असतं गं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा सगळे हसले, आणि दुसऱ्या वेळेपासून हे त्या जागी थांबायला लागले. आमच्या कामात तसंच होतं. पहिल्या खेपेला चूक नजरेतून सुटली की पुढच्या प्रत्येक प्रतीत तीच छापली जाते. आता थांबवायचं असेल तर मी दुसरं काय म्हणू, ते मला खरंच सुचत नाही.

असो. तू पाठवलेले अभ्रे छान बसले. टाके बारीक आहेत.

तुझी,
वहिनी


२० फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार.

तुझी यादी समितीत वाचली. लिफ्टची बटणं ऐकून एक्स-रेवाला इतका हसला की मेट्रनबाईंना शंका आली, हाच दाबत असणार. ‘हं’ वर मावशींनी पाच मिनिटं भाषण केलं, त्यांना दोन मुलगे आहेत.

आता गंमत बाजूला ठेव. एक केस आली आहे आणि आमचं एकमत होत नाहीये. नावं सांगता येत नाहीत. स्वयंपाकघरात एक बाई आहेत. फार वर्षांपूर्वी चाळीस वाट्यांचा ट्रे घेऊन जिन्यात घसरल्या, आमटीसकट. लागलं नाही, पण शोभा झाली. तिथलाच एक जण जेवणाच्या सुट्टीत त्याची नक्कल करतो. करतो फार छान, मीही हसले आहे. बाईही हसतात. हसता हसता "राहू दे ना आता" म्हणतात. तर तेही त्यानं नकलेत घेतलं. आता तो तिथे थांबतो, आणि सगळी पंगत मिळून ओरडते, "राहू दे ना आता!" त्या बाईंनी परत कधी ट्रे उचलला नाही. त्यांना वाढपी बाईंची मुख्य करत होते, तेही नको म्हणाल्या.

एक्स-रेवाला म्हणतो, ही थट्टा. बाई स्वतः हसतायत, मग हिंसा कसली? मेट्रनबाईंना ते पटत नाही. तू न्याय कर. पण फॉर्मच्या पाठीवर का होईना, मनापासून कर.

सुई


२६ फेब्रुवारी

चि. सुईस,
आशीर्वाद.

यात एकमत होत नाही? त्या एक्स-रेवाल्याला एकदा स्वतःच्या डोक्याचा फोटो काढायला सांग!

अगं, बाई हसतायत म्हणजे काय? तुला आमच्या धंद्यातला पहिला नियम सांगतो. लिफ्टमध्ये धोक्याची घंटी असते. शंभरातल्या नव्वद वेळा ती कुणीतरी गंमत म्हणून दाबतं. तरी घंटी वाजली की जायचं. कुणी हसत दाबली तरी जायचं. मी नवा होतो तेव्हा एकदा घंटी वाजली, वर कान दिला तर हसण्याचा आवाज. म्हटलं, चालू दे. आम्ही चहा संपवला, पान खाल्लं आणि मग गेलो. आत एक म्हातारे गृहस्थ पावणेदोन तास उभे होते, आणि हसत होते. दार उघडलं तरी हसणं थांबेना. घाबरून हसत होते, सुई. घाबरलेला माणूस हसतो, हे मी त्या दिवशी शिकलो. त्यानंतर चाळीस वर्षांत एका घंटीला मी चहा संपवत बसलो नाही.

त्या बाई घंटी दाबतायत, आणि तो गडी त्या घंटीवर लोकांना नाचवतोय! म्हणजे उद्या खरोखर जीव गुदमरला तरी बाईंनी हाक काय मारायची? जी होती ती यानं काढून घेतली. बटणं दाबणं-बिबणं सगळं खोडून टाक, फलकावर सगळ्यात वर हे लिही. आणि त्या गड्याचं नाव मला कळव. मी येतो, बाकावर बसवतो आणि सव्वाएक ते चार बसवून ठेवतो.

इकडे तयारी जोरात आहे. एकशेवीस माणसं तयार झाली. मान किती खाली घालायची आणि ‘पुरे’ कुठे म्हणायचं ते मी जातीनं शिकवून आलो. हिला गंधवार्ताही नाही.

दादा


२ मार्च

ती. दादास,

नाव मागितलंस, कळवते.

ट्रे नव्हता, माइक होता. आमटी नव्हती. जिना नव्हता, तोच तो हॉल होता. आणि त्या बाई "राहू दे ना" म्हणत नाहीत, "अहो, पुरे" म्हणतात.

रागावू नकोस असं मी म्हणणार नाही, रागव हवा तेवढा. पण बाकावर तुला एकट्याला बसवत नाही, शेजारी मीही बसते आहे. "पुरे" सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणायचं? मी. पोरांना एका तालात म्हणायला कुणी शिकवलं? मीच, चमच्यानं ताटलीवर ठेका देऊन. वहिनी आत चहा गाळत उभ्या असायच्या, पाठमोऱ्या. मी त्यांचा चेहरा कधी बघितलाच नाही रे.

प्रमुख व्हायला त्या दोनदा नाही का म्हणाल्या, ते तू त्यांना कधी विचारलंस? मी त्यांना शब्द दिला होता, कुणापाशी बोलणार नाही म्हणून. तो आज मोडला. त्यांची माफी मी मागेन. बाकी एकच, न्हाणीघरातला नळ बंद करायला सांगू नकोस.

एकतीसला मला सुट्टी मिळत नाही, ऑपरेशनच्या गाऊनचा अख्खा गठ्ठा अंगावर आहे. म्हणजे पहिल्या रांगेत मी नसेन. आता तू काय करशील ते कर.

सुई


१३ मार्च

सुईस,

पत्र पोचलं. फॉर्म संपले नाहीत, पण हा कोरा कागद घेतला आहे, कारण हे पत्र गमतीचं नाही.

आपल्या माणसाची थट्टा करायला परवानगी लागते हे मला ठाऊक नव्हतं. यापुढे समितीकडे अर्ज करत जाईन. ती स्वतः हसते, सगळ्यांच्या आधी हसते, हे तू डोळ्यांनी पाहिलं आहेस. मला लबाडीनं न्यायाधीश केलंस, ते शोभलं नाही. कार्यक्रम कसा करायचा ते मी बघेन.

दादा

२२ मार्च. वरचं पत्र नऊ दिवस खिशात घेऊन फिरलो, टाकलं नाही. आता टाकतोय, पण वरचा मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही.

काल न्हाणीघराच्या दाराशी उभा राहिलो. पाण्याच्या आवाजातून चार वाक्यं ऐकली. तिसऱ्या वाक्यावर ती अडखळते. मग थांबते, आणि आपली आपणच हलकेच हसते. ते हसू मी चाळीस वर्षांपूर्वी एका लिफ्टमध्ये ऐकलं होतं.

मनात आलं, दार वाजवावं आणि तिसरं वाक्य कसं म्हणायचं ते सांगावं. नाही वाजवलं. आज सकाळी फोरमनकडे जातो आहे.


२ एप्रिल

चि. सुईस,
फॉर्म क्रमांक सातच्या पाठीवरून पुन्हा आशीर्वाद.

झाला एकदाचा कार्यक्रम. सगळं सांगतो, मधे बोलू नकोस.

आधी मी एकशेवीस माणसांना एकेक करून गाठलं. यंत्रावर, बांधणीत, चहाच्या टपरीवर, एकाला तर दाढी करताना. सगळ्यांना एकच तंबी दिली, त्या दिवशी कुणीही, कुठल्याही कारणानं, खुर्चीतून उठायचं नाही. ते म्हणाले, आधी उठा म्हणालात, आता बसा म्हणता, नक्की काय ते लिहून द्या. दिलं लिहून. फॉर्मवरच दिलं.

कार्यक्रमात आधी मला बोलावलं, दोन शब्द बोला म्हणून. मी उठतो न उठतो तोच मागून आरोळी, "गोष्ट! गोष्ट!" आता तुला खोटं कशाला सांगू? मी ठरवून गेलो होतो, नुसते आभार मानायचे आणि बसायचं. पण सव्वाशे माणसं, समोर माइक, आणि मला रिकामा माइक सोसत नाही. तोंडातून निघून गेलं, "तर त्या दिवशी काय झालं..." हॉल खुदखुदायला लागला. आणि मंचावरून, अगदी हळू, आवाज आला, "अहो, पुरे."

हॉल ओरडला, "अहो, पुरे!"

मी नेहमीसारखा थांबलो. हॉलला वाटलं, आता टोपी निघणार. मी हिच्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत या शब्दाच्या वेळी मी हिच्याकडे कधी बघितलंच नव्हतं, मी लोकांकडे बघायचो. सुई, ती हसत होती. आणि हात खुर्चीच्या कडेला असे घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली होती.

मी खाली बसलो. हॉलला काही कळेना. एकानं पाणी आणून दिलं, दुसरा विचारतो, छातीत दुखतंय का? हेडमास्तर असते तर म्हणाले असते, बरं आहे ना आता.

मग ती उठली. माइकपाशी गेली, चष्मा नीट केला आणि म्हणाली, "सर्वांनी बसूनच राहावे." हॉल असा हसला की काय सांगू! माझ्या एकाही प्रयोगाला तसा हसला नव्हता. चार वाक्यं पाठ केली होती ना? अकरा मिनिटं बोलली. तिसऱ्या वाक्यावर अडखळली, थांबली, आणि पुढे गेली. कुणाकुणाच्या चुका तिनं छापायच्या आधी पकडल्या ते सांगितलं. एका पाककृतीच्या पुस्तकात चिमूटभर मिठाच्या जागी वाटीभर मीठ जाणार होतं म्हणे! प्रमुखपद दोनदा नाकारलं तेही सांगितलं. का, ते सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलं पण नाही. ते मला फार लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

ती संपवून मागे सरकली. टाळ्यांचा कडकडाट. आणि आता बघ माझं कर्म! अशा वेळी लोक आपोआप उभे राहतात की नाही? दोघं-तिघं अर्धवट उठले, माझ्याकडे बघितलं, लेखी तंबी आठवली आणि पटकन खाली बसले! एकशेवीस माणसं खुर्चीला चिकटून टाळ्या वाजवतायत! बायकोचा मान मी स्वतःच्या हातानं घालवला. मग मी एकटाच उठलो. मान ताठ ठेवून टाळ्या वाजवत राहिलो. बाकीच्यांच्या थांबल्या. फोरमन खुणा करायला लागला. तिनं काही "पुरे" म्हटलं नाही, म्हणून मीही थांबलो नाही.

ती गोष्ट आता बंद. कुणी मागितली तर तिच्याकडे पाठवीन. तुमच्या फलकासाठी माझ्याकडून एकच ओळ घे, ‘पुरे म्हटल्यावर न थांबणे’. बाकी मेट्रनबाईंना हवं ते लिहू दे. मात्र ‘हं’ खोडू देऊ नकोस, त्याला मी कोर्टात जाईन.

दादा

(समासात, लाल शाईत)

प्रिय सुई, पत्र तपासलं. चुका नऊ, दुरुस्त केल्या आहेत. शब्द मोडलास त्याबद्दल तुला माफ केलं. इथे दोन गोष्टी राहून गेल्या आहेत. टाळ्या वाजवताना यांचा चष्मा भिजला होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. दुसरी यांना ठाऊकच नाही. "पुरे" म्हणायचं मला चांगलं आठवत होतं. मी मुद्दामच बराच वेळ म्हटलं नाही.

वहिनी